गवत खाणारा राक्षस

परवा गडहिंग्लजहून एसटीनं कोल्हापूरला येत होतो. वैशाखातली दुपार, खिडकीची लोखंडी पट्टी हाताला चटका देत होती. वाटेत गाडी तापली म्हणून ड्रायव्हर पाणी ओतायला खाली उतरला, आणि रस्त्यालगतच्या रानातून पहारीचा आवाज आला. ठण्ण, मग थोडी उसंत, मग पुन्हा ठण्ण. कुणीतरी विहीर खोल करत होतं. शेजारी बसलेल्यानं विचारलं, काय ऐकताय पावणं? मी म्हणालो, काही नाही. ते खरं नव्हतं. पहार मुरमावर पडली की आवाज कोरडा येतो, चिकणमातीवर पडली की नुसता धप्प होतो आणि नदीच्या गोट्यांवर पडली की किंचाळते. हे तिन्ही आवाज मला डोळे मिटून ओळखता येतात. जन्मभर मुलांना ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला असल्या विद्येचा उपयोग काय, ते देव जाणे.

लोकांना वैशाख म्हटलं की आंबे आठवतात, लग्नं आठवतात. मला हाडं आठवतात. घरात हे बोलायची सोय नाही. सूनबाई म्हणते, मामंजी, निदान जेवताना तरी नको. तिचंही बरोबर आहे. पण एकेका माणसाच्या वाट्याला एखादाच असा ऋतू येतो की पुढचे सगळे ऋतू त्याच्याशी ताडून बघायची खोड लागते. माझ्या वाट्याला आला तो नेसरीकडचा, घटप्रभेच्या अंगाचा, जेमतेम महिन्याभराचा एक उन्हाळा. त्यानंतरचे बहुतेक उन्हाळे मला मिळमिळीतच वाटले.

महाराज गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं निघत होती. तशाच एका बोर्डिंगात भाकरी खाऊन मी शिकलो आणि ड्रॉइंग मास्तर झालो. कागदावर रेघा ओढून पगार घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. मी काहीतरी लपवतोय, असं वडलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

माझी थोरली बहीण नेसरीजवळच्या एका वाडीत दिली होती. तिचं नाव रंगूबाई, पण आमच्याकडं कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर, म्हणून सगळ्या गावाची ती रंगाक्का आणि माझी अक्का. प्लेगात मेव्हणे गेले. मूलबाळ नव्हतं. दिरांनी सांगितलं, आमच्यात राहा, चुलीकडं बघ, तुला काही कमी पडणार नाही. अक्का म्हणाली, माझ्या वाटणीचं रान द्या, मी कसते. पुष्कळ बोलाचाली झाल्यावर नदीपासून लांबचा एक कोरडवाहू तुकडा तिच्या हवाली झाला, पण अट घालून. दोन वर्षांत त्यात विहिरीला पाणी लागलं तर रान तिचं. दुसऱ्या वर्षाचं रोहिणी नक्षत्र निघेपर्यंत पाणी लागलं नाही, तर रान परत भावकीत आणि अक्का परत चुलीपाशी. पंचांसमोर तिनं हे कबूल केलं. मला कळवलंसुद्धा नाही. कळवलं असतं तर मी मोडता घातला असता, हे ती जाणून होती.

शाळेला सुट्टी लागली आणि मी वाडीवर पोचलो, तेव्हा दुसरं वर्ष संपत आलं होतं. खड्डा पाच पुरुस खोल गेला होता. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुस. असे पाच एकाच्या डोक्यावर एक उभे केले तरी तळाशी धूळच उडत होती.

खणायचं काम गडहिंग्लजच्या मोहिद्दीन मिस्त्रींकडं होतं. त्यांच्या आज्यापासून विहिरी खणायचाच धंदा. मिस्त्री बोलायचे कमी आणि माती चाखायचे जास्त. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते बराच वेळ आभाळाकडं बघत राहायचे, मग थुंकून म्हणायचे, अजून खाली. हाताखाली चार गडी होते. त्यांचे नेम कडक: चपला काठावर काढायच्या, खाली गेल्यावर शिवी द्यायची नाही आणि पाणी लागेपर्यंत बाईमाणसानं विहिरीत उतरायचं नाही. त्यामुळं अक्कानं स्वतःची विहीर आतून कधी बघितलीच नव्हती. काठावर पालथी पडून, पदर दातात धरून, मान खाली घालून ती तासन् तास बघत राहायची. तिच्या कोपरांना तिथल्या मुरमानं घट्टे पडले होते.

त्या दिवसांची चव अजून जिभेवर आहे. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी-कांदा, आणि त्यावर काळ्या मडक्यातलं पाणी, तेही अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणलेलं. काठावरच्या कडुलिंबाचा मोहर खड्ड्यात झडायचा आणि खालचे गडी त्यानं पांढरे होऊन वर यायचे. दुपारी सगळं गाव झापड आल्यासारखं पडलेलं असायचं, फक्त आमची पहार चालू असायची. मी चित्रं काढायचो: पहार, दोर, मिस्त्रींची दाढी. मला सुट्टीत करण्यासारखं दुसरं काम नव्हतं, आणि विहीर खणण्यात माझा उपयोग शून्य होता.

एका सकाळी पहार किंचाळली. खड्ड्याच्या पूर्वेच्या बाजूला, अगदी तळाशी, चिकणमाती संपून गोट्यांचा एक तिरपा थर उघडा पडला होता. त्या गोट्यांत अडकलेलं, माझ्या मांडीहून जाड असं एक हाड होतं. गड्यानं पहार टाकली आणि तो दोराला धरून सरळ वर आला. काय आहे ते सांगायला लागलंच नाही. जमिनीतून असली हाडं निघाली की ती राक्षसाची, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक होतं.

मला मात्र आनंद झाला. कोल्हापुरात कॉलेजच्या एका प्रोफेसरांसाठी मी तक्ते काढून देत असे. माणसांच्या कितीतरी आधी पृथ्वीवर वावरलेल्या आणि नाहीशा झालेल्या जनावरांची हाडं दगडासारखी होऊन मातीत राहतात, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यांच्या पुस्तकातून तसल्या एका हत्तीच्या सांगाड्याची नक्कलही केली होती. तेवढ्या भांडवलावर मी शहाणा झालो. मी खाली उतरलो, हाड उपसून काढलं, वर आणून घासूनपुसून धुतलं आणि उन्हात वाळत घातलं. वैशाखात आमच्याकडं जे ओलं दिसेल ते उन्हात पडतं. कुरडया, सांडगे, मिरच्या, शेंगा, लोणच्याच्या बरण्या. अक्काच्या सांडग्यांशेजारी त्याच बाजेवर मी ते हाड ठेवलं आणि जेवायला गेलो.

जेवून येतो तो हाडाला भेगा पडलेल्या. तिन्हीसांजेपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले, आणि मी उचलायला गेलो तर हातात भुगा आला. हजारो वर्षं ओलाव्यात राहिलेलं हाड एकदम उन्हात ठेवलं की फुटतं, हे त्या प्रोफेसरांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. बाजेभोवती गाव जमलं होतं. राक्षसाची राख झाली, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मलाही खोडून काढता येईना. स्वतःचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गडी कामाला आले नाहीत. मिस्त्री एकटेच आले आणि लिंबाखाली बसून राहिले. थोरले दीर आले, काठावरून खाली डोकावले आणि खड्डा बुजवून टाका म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि भीतीबरोबर थोडं बरंही वाटत असावं. रोहिणी निघायला अकरा दिवस उरले होते. चूल तिची वाट बघत होती आणि तिला तिकडं ढकलायचं काम मीच केलं होतं. मी अक्काकडं बघायचं टाळत होतो.

अक्कानं लुगड्याचा काचा घट्ट मारला.

“मिस्त्री, दोर धरा,” ती म्हणाली. “मी उतरतो.”

आमच्या भागात बायका असंच बोलतात, पण त्या दिवशी ते फार सरळ ऐकू आलं. मिस्त्रींनी तिला नेमाची आठवण दिली. तिनं विचारलं की नेम गड्यांचा ना, मग गडी आहेत कुठं? मिस्त्री लिंबाखालून उठले. मग त्यांनी दोर कमरेला गुंडाळला आणि पाय रोवले. मीही मागोमाग उतरलो. बाई विहिरीत उतरली म्हणताच काठावर गाव जमलं, कामाला न आलेले चौघे गडीही त्यांत होते.

खाली गारवा होता. गोट्यांच्या थरात, आदल्या दिवशी हाड निघालं त्याच्याच बाजूला, आणखी काहीतरी अर्धं बाहेर आलं होतं. अक्कानं नखानं माती काढली. जबडा होता, खालचा. हातभर लांब असावा, आणि त्यात ओळीनं दाढा.

इथं आमच्या वडलांबद्दल सांगायला हवं. बैलांच्या तोंडात बघण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. गडहिंग्लजच्या बाजारात कुणालाही बैल घ्यायचा झाला की आधी वडलांना बोलावणं यायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे तर सगळेच सांगतात. वडील गाल दाबून आत बोट घालायचे आणि दाढा चाचपून सांगायचे की हा बैल कसल्या रानात चरला. मी त्या वेळी पाटीवर बैल काढत बसलेला असायचो. बोट घालायला शिकली ती अक्का.

आता तिनं त्या जबड्यात बोट घातलं. एकेक दाढ चाचपली. डोळे मिटलेले होते. 

“दत्तू, कुत्र्याच्या दाढंला धार असती,” ती म्हणाली. “वाघाच्या बी असती. मांस तोडाय धार लागती की. हिला धार न्हाय. जात्यागत झिजल्याली हाय बघ, दळून दळून.” आणि मग तिथूनच, मान वर करून, काठावर जमलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, “अवं, ह्यो गवत खाणारा हाय. राक्षस गवत खातोय व्हय?”

 गुराढोरांत हयात गेलेली माणसं ती. एकेक जण दोर धरून खाली येऊन जबड्यात बोट घालून गेला. चौघांतला सर्वांत म्हातारा गडी बराच वेळ चाचपत राहिला आणि शेवटी म्हणाला की म्हातारं जनावर होतं बिचारं, चावायचे वांधे झाले असतील. बिचारं म्हटल्यावर भीती संपली. पुस्तकाच्या जोरावर मला जे जमलं नव्हतं, ते अक्काच्या बोटानं अर्ध्या तासात केलं. मी जन्मभर मास्तरकी केली, पण इतकी चांगली शिकवणी मी एकदाही घेऊ शकलो नाही.

मिस्त्री सर्वांत शेवटी उतरले. त्यांनी जबड्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी भोवतालचा एक गोटा उपटला, तळहातावर फिरवला, दुसरा काढला, तोही फिरवला. “मास्तर, ह्यो नदीचा गोटा हाय,” ते म्हणाले. “पाण्यानं घासल्याबिगर दगड असा गुळगुळीत हुत न्हाय. कवातरी नदी हितनं गेल्याली हाय.” नदी तिथून पाऊण कोस लांब होती. मिस्त्रींचं म्हणणं असं की नदी जागा सोडते पण तिचे गोटे खाली राहतात, आणि गोट्यांच्या पोकळीतून पाणी अजून वाट काढतं. हा थर तिरपा खाली जात होता. त्याच्या मागं मागं आडवं खणत गेलं तर आशा होती. अक्काला ते तिच्या पद्धतीनं पटलं. एवढं मोठं गवतखाऊ धूड पाण्यावाचून इथं कशाला राहील, असं ती म्हणाली. ते धूड पाणी पिऊन गेल्याला हजारो वर्षं झाली, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. आदल्या दिवसाचं माझं शहाणपण आठवून मी तो गिळला.

अडचण एकच होती. खणायचं होतं ते नेमकं जबड्याच्या खालून. पहार मारली की जबड्याचा चुरा होणार, आणि पाणी लागलं तर तो त्यात जाणार. तो अखंड काढायचा तर दिवस मोडणार. अक्काजवळ मोजून अकरा दिवस होते. मी काहीच मागितलं नाही. मागायचा हक्क मी बाजेवर घालवून बसलो होतो.

ती माझ्याकडं बघत म्हणाली, “तीन दिस देतो तुला. नीट काढ. ह्येनं माजी बाजू घेतली, ह्येला फोडून कसं चालंल?”

त्या तीन दिवसांत मी जितका नेटानं वागलो तितका पुन्हा कधी वागलो नाही. पहार बाजूला ठेवली. बाभळीच्या काट्यानं आणि रंगाच्या कुंचल्यानं माती काढत गेलो. ऊन लागू नये म्हणून खड्ड्यावर ताट्या टाकल्या. डिंकाची युक्ती अक्काची. बाळंतिणीच्या लाडवांसाठी जपून ठेवलेला बाभळीचा डिंक तिनं भिजत घातला. तो पातळ करून मी हाडावर फिरवायचा, मुरू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. भेगांत डिंक शिरला की हाड आवळून धरतं, हे दिसायला लागलं. वरून कणकेची खळ आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. भिजलेल्या डिंकाचा, ओल्या गोट्यांचा आणि खळीचा वास आजही कुठं एकत्र आला तर मला बसावं लागतं. गुडघे सोलले, पाठ धरली, आणि मी दर घटकेला स्वतःला बजावत राहिलो की आता घाई नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आजऱ्याकडून ढग उठला. वळीव कोसळला असता तर पूर्वेची बाजू ढासळून जबडा, गोटे, उरलेले दिवस सगळं मातीखाली गेलं असतं. मिस्त्री म्हणाले, मास्तर, ओढून काढा नाहीतर सोडा. मी वर बघितलं. अक्का काठावर पालथी पडली होती, तिचा चेहरा उलटा दिसत होता. ती काही बोलली नाही. घाई कर असं म्हणाली असती तर मी ओढलं असतं. वारा सुटला, ताट्या उडाल्या, धुळीनं डोळे भरले. मी शेवटचा गोटा काट्यानं सैल केला आणि जबडा चिंध्यांसकट माझ्या दोन्ही हातांत आला. ढग आमच्या वाडीला वळसा घालून गेला. चार टपोरे थेंब पडले एवढंच.

त्या जबड्याच्या चित्रांवरून आणि पुढं प्रत्यक्ष जबड्यावरून जाणत्या लोकांनी जे सांगितलं ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. तो गेंडा होता. गेंडा, आमच्या नेसरीकडं. प्रत्येक दाढेवर दोन चंद्रकोरी होत्या, झिजून सपाट झालेल्या. त्यावरून त्यांनी त्याचं खाणं, त्याचं वय, त्याच्या भोवतालचं रान सगळं उलगडून दाखवलं. पुरुषभर उंच गवत, जागोजाग दलदल, रुंद पसरलेली नदी. प्रोफेसरांनी त्या जाणत्यांचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आलं. त्यातलं अर्धं अक्कानं डोळे मिटून आधीच सांगितलं होतं, आणि उरलेलं मिस्त्रींनी. माणसाला आपलं रान, आपली वाटणी, आपली अट केवढी मोठी वाटते. त्या रानाच्या पोटात आधीच कुणीतरी चरून, म्हातारं होऊन, पाण्याकाठी आडवं झालेलं होतं. हे कळल्यावर माझ्या मनातला क्षुद्रपणा कमी झाला, असं मी म्हणणार नाही. पण आपण इथले पहिले नाही आणि शेवटचेही नसू, एवढं तरी मला तेव्हापासून नीट कळतं. जमीन कुणाची, यावर लोक हमरीतुमरीवर आले की मी हळूच तिथून उठतो.

जबडा निघाल्यावर चौघे गडी जे भिडले ते थांबलेच नाहीत. गोट्यांच्या मागोमाग आडवी गुहाच पडत गेली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. गोटे संपत नव्हते आणि पाणी दिसत नव्हतं. अक्का जेवेनाशी झाली, पण खणणं थांबवा असं एकदाही म्हणाली नाही. थोरले दीर रोज सकाळी येऊन काठावर उभे राहायचे आणि खाली डोकावून परत जायचे. रोहिणीला दोन दिवस उरले असताना गोट्यांचा रंग बदलला. करडे होते ते काळे दिसायला लागले. मिस्त्रींनी एक उचलून गालाला लावला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अजून खाली हे शब्द आले नाहीत. दुपारी गोट्यांच्या फटीतून पाण्याची बारीक धार सुटली, करंगळीएवढी. आधी गढूळ, मग मातकट, आणि दिवस कलायच्या आत नितळ.

मिस्त्रींनी वर हाक दिली, अक्का, या आता. दोर धरायला गडी पुढं झाला तर थोरल्या दिरांनी त्याला बाजूला सारलं आणि दोर स्वतःच्या हातात घेतला. त्यांनी भावजयीला खाली सोडली आणि तांब्या भरून झाल्यावर वर ओढून घेतली. सगळं गाव भोवती होतं. आता ती पिणार, निदान देवाला नेणार, असं सगळ्यांना वाटलं. ती सरळ लिंबाखाली गेली, जिथं तिच्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेला जबडा कोल्हापूरला न्यायच्या गाडीची वाट बघत होता.  पाण्यानं डिंक सुटेल म्हणून मी ओरडणार होतो.

“कळतंय मला,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

ती खाली बसली आणि जबड्यापासून वीतभर अंतर राखून तिनं जमिनीवर पाण्याची धार धरली. माती चर्र करून ते पिऊन गेली.

“तुजं पाणी हुतं,” ती त्याला म्हणाली. “आता आमी पितो.”

आणि मग तिनं तांब्या तोंडाला लावला.